खैरियत साहेबांचा चहा

"घोटभर घे अन् ठेव. सगळा पिऊ नको, सांगून ठेवते."

आमच्या सरांच्या केबिनच्या दाराबाहेर एक बाई दुसरीला हळू आवाजात सांगत होती. मी आत, दाराकडे पाठ करून, संगणकावर रजा भरत बसले होते. मी वळून पाहिलं नाही. लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात ते त्यामुळेच. मी ऐकत नसेन असं त्यांना वाटतं.

दोघी आत आल्या. कारखान्याच्या पॅकिंग विभागातल्या होत्या. एक तापाने घरी राहून आज परत कामावर आलेली, दुसरी तिच्या सोबतीला. सर खुर्चीतून उठले, थर्मासमधून त्यांनी स्वतः चहा ओतला आणि कपबशी पुढे केली.

"घ्या ताई. आज विलायची टाकलीय."

ताईंनी कप ओठाला लावला, "लई छान झालाय साहेब," म्हणाल्या, आणि कप बशीत ठेवला तो परत उचललाच नाही. मग पाऊसपाण्याच्या चार गोष्टी झाल्या. आता बरं आहे, एवढंच ताईंनी निघताना सांगितलं. दोघी गेल्या. सर त्या भरलेल्या कपाकडे बघत बसले.

"विलायची पण नाय चालली," ते म्हणाले. "मागं आलं टाकलं, नाय चाललं. त्याच्या आधी गूळ टाकला. बेटा, या पॅकिंगच्या बायकांना नेमका कसा चहा लागतो गं?"

मला माहीत नव्हतं. मी मान हलवली. तेव्हा मी बहुतेक प्रश्नांना मानेनेच उत्तर देत असे.

चिकलठाण्याच्या त्या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं तयार होत. शिक्षण संपल्यावरची माझी ती पहिली नोकरी, मनुष्यबळ विभागात शिकाऊ म्हणून. सर त्या विभागाचे प्रमुख, निवृत्तीला थोडाच काळ राहिलेला. त्यांचं घर फुलंब्रीकडचं, मोसंबीची बाग असलेलं. शिक्षण शहरात झालं, नोकरी शहरात झाली, पण बोलणं बागेतच राहिलं. शर्ट कायम पांढरा, खिशाला दोन पेनं, आणि त्यातलं एक न चालणारं. "हे कामून ठेवता?" असं कुणी विचारलं की म्हणत, "मागणाऱ्याला द्यायला."

कारखान्यात त्यांना कुणी त्यांच्या नावाने ओळखत नसे. सगळे म्हणत खैरियत साहेब. कारण कुणी आजारपणाची रजा टाकली की सकाळीच त्याला सरांचा फोन जाई, आणि फोनवर पहिला शब्द तोच असे. "खैरियत?" पुढे काही नाही. पलीकडचा माणूस गडबडून आपणहून सगळं सांगून टाकी. खोटं बोलणारे तर जास्तच सांगत. "ज्याला खरंच ताप हाय तो म्हणतो, ताप हाय. ज्याला नाय तो थर्मामीटरचा आकडा सांगतो," असं त्यांचं म्हणणं.

आजारपणाच्या रजा कमी करा, असा वरून हुकूम होता. हेड ऑफिसने त्यासाठी एक अॅप दिलं होतं. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे रंग येई, हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल झालेल्या कायम कामगाराला ताकीदपत्र मिळे आणि कंत्राटातल्याला ब्रेक, म्हणजे कंत्राट संपलं की घरी. सरांना अॅपचा राग नव्हता, उलट रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून ते आधी तेच बघत. "मोबाईल सांगतो कोण नाय. कामून नाय, ते आपण शोधायचं," म्हणत. आजारपणाहून परतलेल्याला विचारायची एक छापील प्रश्नावलीही हेड ऑफिसने पाठवली होती. सरांनी ती पूर्ण वाचली, "चांगली हाय," म्हणाले आणि थर्मासखाली ठेवली. माझ्या आठवणीत ती तिथेच आहे, तपकिरी गोल डागांची.

प्रश्नावलीऐवजी चहा होता. रजेवरून आलेल्या माणसाने मशीनवर जायच्या आधी सरांच्या केबिनमध्ये चहा प्यायचा, हा नियम. अर्धा कप संपेपर्यंत आजाराचं नाव काढायचं नाही, हा दुसरा नियम, आणि तो सर स्वतःवरही कडकपणे लावत. तोपर्यंत पाऊसपाणी, पोरांच्या शाळा, म्हशीचं दूध. अर्ध्या कपानंतर ते बशीत चहा ओतून भुर्रकन पीत आणि विचारत, "हं. दुखायलंय कुठं?" आजार काय झाला, असं ते कधी विचारत नसत. "आजाराचं नाव डॉक्टर देतो, अन् तो तर सगळ्यांना एकच देतो. दुखतं कुठं ते माणसालाच माहीत."

पॅकिंगच्या बायकांसोबत मात्र हे गाडं अडे. त्यांचा अर्धा कप कधी संपतच नसे, त्यामुळे सरांना त्यांच्याच नियमाने तो प्रश्न विचारता येत नसे.

त्यांच्या केबिनची भिंत बघायला दुसऱ्या विभागातले लोकही येत. आग लागली तर कुठून पळायचं हे दाखवणारा कारखान्याचा मोठा नकाशा तिथे लावलेला होता. प्रत्येक शेड, दार, जिना, बाथरूम, सगळं त्यात आखलेलं. माणूस आजारी पडला की सर त्याच्या कामाच्या जागेवर एक टिकली लावत. कपाळाला लावायची असते ती. गुलमंडीवर जाऊन ते स्वतः टिकल्यांची पाकिटं आणत. ताप लाल, खोकला हिरवा, पोट पिवळं, अंगदुखी मोरपंखी. दुकानदाराने एकदा विचारलं म्हणे, "काका, घरात किती सुना हायेत?" सर म्हणाले, "चारशे." न चालणारं पेन खिशात ठेवणारा माणूस असं उत्तर देऊ शकतो, यावर मी विश्वास ठेवला.

"माणूस आजारी पडत नाय, जागा आजारी पडती," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते पटत नसे, आणि पटत नाही हे माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं. एकदा म्हणाले, "बागेत एकच झाड पिवळं पडलं तर झाडाला बघायचं. ओळीनं पिवळी पडली तर पाण्याला बघायचं. बी.एस्सी. लागत नाय याला."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. मी यायच्या आधी मोल्डिंगच्या एका कोपऱ्यात हिरव्या टिकल्यांचा पुंजका झाला होता. सर तिथे जाऊन स्टूल टाकून बसले. काही केलं नाही, नुसते बसले. थोड्या वेळाने त्यांना स्वतःलाच शिंका यायला लागल्या. गरम मशीनपुढे घामाघूम झालेल्या माणसांच्या मानेवर वरचा कूलर थेट गार हवा मारत होता. कूलरचं तोंड फिरवलं आणि पुंजका वाढायचा थांबला. तिथला ऑपरेटर मला ही हकिकत सांगताना म्हणाला, "आम्ही दोन वर्षं खोकत होतो मॅडम, पण शिंकला साहेब तेव्हा कळलं."

तरीही कारखान्यात त्यांच्याबद्दल दोन तट होते. सर आजारी कामगाराच्या घरी जात. डाळिंबं किंवा बागेतली मोसंबी पिशवीत घेऊन, न सांगता. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जातातच. पण घरात जो येऊन बसलाय तोच रजा मंजूर करतो, तेव्हा ती भेट असते की तपासणी? निम्मे म्हणत, साहेब देवमाणूस. निम्मे म्हणत, पिशवीत मोसंबी अन् डोळ्यात दुर्बीण. मला ही गोष्ट फार कुतूहलाची वाटे. मी त्यांचा चेहरा बघून ठरवायचा प्रयत्न करी, पण जमत नसे.

हळदीचा किस्सा तर सगळ्यांना पाठ होता. मोल्डिंगच्या एकाने जुलाबाची रजा टाकली. सर पिशवी घेऊन त्याच्या गावी पोचले तर दारात मांडव. त्याच्याच बहिणीची हळद, आणि हा स्वतः वाढपी, हातात बुंदीची परात. सरांनी परातीत डोकावून पाहिलं. मग सर म्हणाले, "जुलाबाला बुंदी चांगली का रे?" पंगतीला बसले, पोटभर जेवले, नवरीच्या हातात पाकीट दिलं, निघताना मोसंबीची पिशवीही देऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याची रजा बिनपगारी केली. तो तक्रार घेऊन आला, "साहेब, जेवून गेलात की!"

"जेवण जेवणाच्या जागी," सर म्हणाले. "बहिणीची हळद हाय म्हणून सांगितलं असतं तर भरपगारी दिली असती. जुलाब कामून लावून घेतले?"

मग भेट की तपासणी? मी अजून विचार करते.

मी आले त्या वर्षी मोल्डिंग शांत होतं, पण पॅकिंगच्या चौकोनात टिकल्यांची दाटी झाली होती. "गोवर उठलाय नुसता," सर म्हणत. जवळजवळ सगळ्या लाल आणि मोरपंखी, ताप आणि अंगदुखी. त्यांनी तिथेही स्टूल टाकून पाहिलं. शिंका आल्या नाहीत. पंखे हलवले, बसायची स्टुलं बदलली, कॅन्टीनची डाळ स्वतः महिनाभर खाल्ली. पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासून घेतला. पाणी स्वच्छ निघालं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते नकाशापुढे हाताची घडी घालून उभे राहत. मी बॅग भरत असे.

"ओळ पिवळी पडलीय बेटा," एकदा ते म्हणाले. "पाणी बी ठीक हाय. मग काय हाय?"

त्या ओळीत सगळ्यात वर शोभाताई होत्या. वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलेल्या, चौकोनी चेहऱ्याच्या, भराभर हात चालवणाऱ्या. त्या वर्षी कायम होण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं. आणि त्याच वर्षी त्या अॅपमध्ये लाल झाल्या. थोड्या थोड्या दिवसांनी ताप, एक दिवस, दोन दिवस, पुन्हा कामावर, पुन्हा ताप. महिन्याच्या बैठकीत त्यांचा निर्णय व्हायचा होता. कायम किंवा ब्रेक. मधलं काही नव्हतं. शिफारशीवर सही सरांची.

बैठकीच्या आदल्या दिवशी शोभाताई पुन्हा आल्या नाहीत.

"चल," सर मला म्हणाले. "हर्सूलला जायचंय. बाईमाणसाच्या घरी मी एकटा जात नसतो."

ते पुढे त्यांच्या जुन्या स्कूटरवर, हँडलला मोसंबीची पिशवी, आणि मागे मी माझ्या स्कूटीवर. प्रत्येक वळणाआधी ते हात असा लांब करून दाखवत की पाठची रिक्षासुद्धा थांबे. हर्सूल जेलची भिंत ओलांडून आम्ही आतल्या गल्लीत शिरलो. शोभाताई दारातच भांडी घासत होत्या. सरांना ओळखताच आतून सासूचा आवाज आला, "अगं झोप, झोप आधी! साहेब आले!" आणि आम्ही उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत शोभाताई राखेच्या हातांनी गोधडीत होत्या.

सर दाराबाहेरच थांबले. "ताई, उठून बसा. भांडी घासणाऱ्याला बी ताप असतो, म्हाईत हाय मला." मग त्यांच्या नवऱ्याबरोबर ओट्यावर बसून त्यांनी मोसंबीच्या भावाचा विषय काढला. मला म्हणाले, "तू आत बस."

आत काय बोलायचं ते मला सुचेना. मी शाळेत, कॉलेजात सगळं इंग्रजीत शिकले. मराठी घरातली, जेवणापुरती. त्यात अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला कुठल्याच भाषेत येत नाही. मी विळीकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. शोभाताईंचं कपाळ खरंच तापलेलं दिसत होतं. त्यांनी माठातून तांब्या भरला, मला फुलपात्र दिलं, आणि स्वतः उरलेला तांब्या उभ्याउभ्या संपवला. लगेच दुसरा भरला. तोही संपवला.

"घरी असले की अशीच पिते," त्या ओशाळून हसल्या. "उंटावानी."

"कामावर नाही पीत?"

एवढंच विचारलं मी. त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर सर मोसंबीवर बोलत होते.

"कामावर कसं प्यावं मॅडम? प्यायलं की जावं लागतं."

मग त्यांनी सांगितलं, एकदा सुरू झाल्यावर सलग. पॅकिंग शेडमधलं बायकांचं बाथरूम फरशीच्या कामासाठी बंद केलं होतं. काम झालं, पण सुपरवायझरने तिथे रिकामी खोकी भरून ठेवली, 'तात्पुरती'. दुसरं बाथरूम गोडाऊनच्या पलीकडे, ट्रक लागतात त्या अंगाला. तिथून जाऊन येईपर्यंत पट्ट्यावर झाकणांचा ढीग साचतो. एकीने सुपरवायझरला सांगून पाहिलं, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "इतकं पाणी पिताच कामून? हिथं काय नांगर धरायलाय का?" पुरुष हसले. त्या दिवसापासून बायकांनी पाणी बंद केलं. घरून निघताना नाही, कामावर नाही, सुट्टी होईपर्यंत नाही. नव्या मुलींनाही तेच शिकवतात.

"चहापण नाही?" मी विचारलं.

"साहेबाचा चहा?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "बिचारे काय काय घालतात त्यात. घोटभर घेतो मान ठेवायला. सगळा पिला तर दुपारी मेलोच की."

"मग डॉक्टरला हे सांगत नाही?"

"डॉक्टर बाप्या माणूस. त्याला ताप सांगते. जळजळ होती ते कसं सांगू?" आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझं नाव नका घेऊ मॅडम. सुपरवायझर रोज तोंडासमोर असतो."

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडलं. इंग्रजीत माझ्याकडे त्यासाठी स्वच्छ, दवाखान्यातले शब्द होते. सरांसमोर, गल्लीत, मराठीत एकही नव्हता. "उद्या सांगते," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रात्री मी त्यांना इंग्रजीत मेसेज लिहिला. वाचून पाहिला तर तो नळ गळतोय अशा तक्रारीसारखा वाटला. मी तो पुसला.

बैठकीत आम्ही सहा जण होतो. प्लांटचे प्रमुख, उत्पादनाचे दोघं, पॅकिंगचा सुपरवायझर, सर आणि कोपऱ्यात मी, टिपणं घ्यायला. सर आपला थर्मास बैठकीतही आणत. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मलाही. पडद्यावर लाल नावं होती, वर शोभाताई.

"ताप बी कसा, रजेला चिकटूनच येतो," सुपरवायझर म्हणाला. "हिला ब्रेक द्या साहेब, बाकीच्या आपोआप बऱ्या होतील."

"मला अजून जागा सापडली नाय," सर म्हणाले. "एक महिना द्या."

"किती महिने सर?" प्लांटचे प्रमुख दमलेल्या आवाजात म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "तुम्ही टिकल्या लावताय, वर उत्तरं मी देतोय. मोल्डिंगचं जमलं, मान्य. हे नाही जमलं. असू दे ना. सही करा."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. शिफारशीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला गेला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, आधी न चालणारं, त्याने कागदावर काहीच उमटलं नाही, मग दुसरं. चुकून की मुद्दाम, तेही मी अजून ठरवू शकलेले नाही.

सहीआधी ते नेहमी जे विचारत ते त्यांनी विचारलं. "कुणाला काय सांगायचंय?" हा प्रश्न ते प्रत्येक बैठकीत विचारत, प्रत्येकाकडे बघत, अगदी माझ्याकडेही, आणि कुणी काही बोलत नसे. सवय होती ती सगळ्यांची, न बोलायची.

मी खाली पाहिलं. माझ्या हातातला कप रिकामा होता. विलायचीचा चहा मी कधी संपवला ते मला कळलंही नव्हतं. आमच्या ऑफिसचं बाथरूम जिन्यापाशीच आहे. रोज सकाळी त्या केबिनमध्ये मी पूर्ण कप पीत आले होते, भरलेल्या कपांच्या शेजारी बसून.

सरांचं पेन कागदाला टेकलं होतं.

"सर," मी म्हणाले. रिकामा कप मी टेबलावर ठेवला. "सर, तुमच्या चहात काही कमी नाही. पॅकिंगच्या बायका पाणीसुद्धा पीत नाहीत, कारण प्यायल्या तर लघवीला कुठे जायचं? त्यांच्या बाथरूममध्ये खोकी भरलीत, आणि दुसरीकडे जायचं म्हटलं तर सगळ्यांसमोर हसतात. दिवसभर धरून ठेवतात, मग जळजळ होते, मग ताप येतो. एका बाईचं नाही, सगळ्यांचं. तुमच्या नकाशात ते बाथरूम आहे, सर. शेडमध्ये नाही."